दिनांकावरून ऋतू, दिनांकावरून करदर

सोमवार, दि. २२ सप्टेंबर २०२५ रोजी आश्विन शुद्ध प्रतिपदा होती. तुळजापुरी श्रीतुळजाभवानीच्या मंदिरात घटस्थापना झाली आणि चांद्रमासगणनेप्रमाणे शरद ऋतूस आरंभ झाला. त्याच दिवसापासून वस्तू व सेवा कराचे सुधारित दर अंमलात येऊन आयुर्वेदीय औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आणि त्याच दिवशी आपल्या जिल्ह्यातील भूम व परंडा तालुक्यांत अतिवृष्टीमुळे गावे पाण्याच्या वेढ्यात सापडली होती. वैद्याच्या रुग्णनोंदवहीत किंवा औषधालयाच्या विक्रीनोंदीत असा एखादा दिनांक येऊन जातो. मग कित्येक महिन्यांनी कोणीतरी विचारतो, त्या दिवशी ऋतू कोणता होता, आणि दर कोणता होता? संगणकीय तक्त्याकडून या प्रश्नाचे बिनचूक उत्तर कसे मिळवावे, एवढाच विषय प्रस्तुत लेखात घेतला आहे. एक्सेल वापरणाऱ्यांना व विनामूल्य मिणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कवर काम करणाऱ्यांना, दोघांनाही ही रीत सारखीच लागू पडते.

विषयाकडे मी आवडीने वळलो असे नाही. दोन चुकांनी मला तिकडे वळविले.

पहिली चूक घरच्या औषधालयातली. ते माझे धाकटे बंधू सांभाळतात. विक्रीचा तक्ता त्यांनी स्वतः तयार केला होता व वर्षानुवर्षे तो उत्तम चालला. तक्त्याच्या माथ्यावरील एका चौकोनात कराचा दर लिहिलेला असे आणि खालच्या प्रत्येक ओळीतील करपूर्व रकमेला त्याच चौकोनाने गुणले जाई. नवरात्राची ती पहिली संध्याकाळ. पायी येणाऱ्या भाविकांमुळे तेले आणि लेप यांना मागणी होती, दुकानात उसंत नव्हती. बंधूंनी त्या चौकोनातील १२ खोडून ५ लिहिले. नवी देयके बरोबर निघू लागली. पुढे ऑक्टोबरात सप्टेंबरच्या विवरणपत्राची तयारी करताना मात्र देयकांच्या कार्बन प्रती आणि तक्त्याची बेरीज जुळेना. जुळणार कशी? चौकोन एकच असल्यामुळे दि. १ ते २१ सप्टेंबरची देयकेच काय, एप्रिलपासूनची प्रत्येक ओळ निमूटपणे ५ टक्क्यांवर गेली होती. संगणकाने कोणतीही सूचना दिली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नव्हती. आम्ही दोघांनी दोन रात्री जागून कार्बन प्रतींवरून आकडे पुन्हा भरले.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. वैद्यांच्या एका बैठकीत मी स्वतःच्या बाह्यरुग्णांच्या नोंदीवरून अम्लपित्ताचे ऋतुनिहाय प्रमाण मांडले होते. वर्षेत पित्ताचा चय, शरदात प्रकोप हा सिद्धांत आपण सर्व जाणतोच. माझे आकडे त्याच्याशी इतके सुरेख जुळत होते की, मी ते जरा उत्साहानेच सांगितले. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतील एका वयोवृद्ध वैद्यांनी एवढेच विचारले, "डॉक्टर, २०२३ साली अधिक श्रावण होता. तो तुम्ही कुठे धरलात?" मी तो कुठेच धरला नव्हता. सोयीसाठी मी १५ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर हा कायमचा शरद ठरवून टाकला होता. २०२३ मध्ये घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती. म्हणजे त्या वर्षीचा सबंध भाद्रपद मी शरदात ढकलला, आणि पहिले दोन दिवस वगळता सगळा कार्तिक हेमंतात. घरी येऊन नोंदी योग्य कालखंडांत पुन्हा लावल्या, तेव्हा वर्षा आणि शरद यांतील जो ठळक फरक मी सभेत दाखविला होता, तो बराच फिका झाला. सिद्धांत खोटा ठरला नाही. माझी मोजणी मात्र ठरली.

दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. करदर हा नुसता आकडा नसतो आणि ऋतू हे नुसते नाव नसते. दोन्ही विशिष्ट कालखंडापुरते खरे असतात. म्हणून तक्त्यात ते एकटे लिहिता कामा नयेत. ते कोणत्या दिनांकापासून लागू झाले, तो दिनांक त्यांच्या शेजारी असलाच पाहिजे.

सारणी कशी मांडावी

रुग्णनोंदीच्या पानापासून वेगळे असे एक कोरे पान घ्यावे. त्यात पहिल्या स्तंभात ऋतूच्या आरंभाचा दिनांक व दुसऱ्यात ऋतूचे नाव लिहावे. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या अमान्त मासगणनेप्रमाणे माघ, चैत्र, ज्येष्ठ, श्रावण, आश्विन आणि मार्गशीर्ष या महिन्यांची शुद्ध प्रतिपदा म्हणजे अनुक्रमे शिशिर, वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद आणि हेमंत यांचा पहिला दिवस. तीन वर्षांचे दिनांक पुढे देत आहे. येथे जागा वाचावी म्हणून प्रत्येक वर्ष एका ओळीत लिहिले आहे. संगणकावर मात्र प्रत्येक ऋतूला स्वतंत्र ओळ द्यावी आणि अठराही ओळी एकाखाली एक, जुन्याकडून नव्याकडे अशा क्रमाने भराव्यात.

२०२३ : शिशिर २२ जानेवारी, वसंत २२ मार्च, ग्रीष्म २० मे, वर्षा १८ जुलै, शरद १५ ऑक्टोबर, हेमंत १३ डिसेंबर.

२०२४ : शिशिर १० फेब्रुवारी, वसंत ९ एप्रिल, ग्रीष्म ७ जून, वर्षा ५ ऑगस्ट, शरद ३ ऑक्टोबर, हेमंत २ डिसेंबर.

२०२५ : शिशिर ३० जानेवारी, वसंत ३० मार्च, ग्रीष्म २८ मे, वर्षा २५ जुलै, शरद २२ सप्टेंबर, हेमंत २१ नोव्हेंबर.

२०२३ च्या ओळीत १८ जुलै हा अधिक श्रावणाचा पहिला दिवस आहे. निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला. अधिक मास ज्या महिन्याच्या नावाचा, त्याच महिन्याच्या ऋतूत तो मी धरला आहे, त्यामुळे त्या वर्षीची वर्षा तीन महिन्यांची झाली. २०२६ मध्ये हीच गोष्ट ग्रीष्माची : अधिक ज्येष्ठ १७ मे रोजी सुरू होतो आणि श्रावण थेट १३ ऑगस्टला. शरदाचा आरंभ चार वर्षांत १५ ऑक्टोबर, ३ ऑक्टोबर, २२ सप्टेंबर व ११ ऑक्टोबर असा हलतो, हे पाहिले की ठरावीक इंग्रजी महिन्यांवर ऋतू बसविण्यातला धोका वेगळा सांगावा लागत नाही. काही वैद्यमित्र चांद्रमासाऐवजी सायन संक्रांतीवरून ऋतू मोजतात. शोधनासाठी प्रावृट् धरून केलेली निराळी विभागणीही आपल्या संहितांत आहे. त्यांनी आपापले दिनांक लिहावेत. बदलते ती सारणी. पुढे दिलेले सूत्र तेच राहते.

सूत्र

ऋतूंच्या या चौकटीला 'ऋतुसारणी' असे नाव द्यावे. चौकट निवडून डाव्या वरच्या कोपऱ्यातील नामपेटीत ते टंकले की झाले. रुग्णनोंदीच्या पानावर भेटीचा दिनांक बी स्तंभात आहे असे समजू. मग ऋतूच्या स्तंभातील दुसऱ्या ओळीत असे लिहावे :

=व्हीलुकअप(बी२, ऋतुसारणी, २, ट्रू)

छपाईसाठी येथे सूत्रे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर कार्याचे व स्तंभाचे नाव रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत टंकावेत. सूत्राचा अर्थ असा : बी२ मधील दिनांक घे, ऋतुसारणीच्या पहिल्या स्तंभात वरून खाली पाहा, त्या दिनांकाइतका किंवा त्याच्या आधीचा पण त्याला सर्वांत जवळचा असा आरंभदिनांक शोध, आणि त्याच ओळीतील दुसऱ्या स्तंभातला मजकूर दे. दि. २८ सप्टेंबर २०२५ ची भेट असेल तर २१ नोव्हेंबर पुढे आहे म्हणून सुटतो, २२ सप्टेंबर सापडतो व उत्तर येते शरद. हाच २८ सप्टेंबर २०२४ चा असेल तर उत्तर येते वर्षा.

खरी मख्खी शेवटच्या 'ट्रू' या शब्दात आहे. संगणकवर्गात आपणा सर्वांना शिकविले जाते की, या सूत्राच्या शेवटी न चुकता शून्य किंवा 'फॉल्स' लिहावे, नाहीतर भलतेच उत्तर येते. औषधाच्या नावावरून किंमत शोधायची असेल तेव्हा ते योग्यच आहे. तेथे हुबेहूब तेच नाव सापडले पाहिजे. पण २८ सप्टेंबर हा दिनांक सारणीत कोठेच लिहिलेला नाही. हुबेहूब शोध मागितला तर संगणक 'सापडत नाही' अशी #एन/ए ही खूण दाखवून मोकळा होतो. येथे आपल्याला आधीचा जवळचा दिनांक हवा आहे, म्हणून 'ट्रू'. माझ्या एका सहाध्यायाने केवळ या एका शब्दापायी तीनशे पासष्ट ओळींची सारणी बनविली होती, रोजच्या दिवसापुढे रोजचा ऋतू. चालते तेही, पण दरवर्षी कोण लिहिणार?

एक्सेलच्या अलीकडच्या आवृत्तीत एक्सलुकअप हे नवे कार्य आले आहे व त्यात जवळच्या शोधासाठी उणे एक लिहावे लागते. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी जरूर वापरावे. दवाखान्यातील जुन्या संगणकावर ते बहुधा नसते, आणि तक्ता दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अडते. म्हणून मी जुनेच कार्य पसंत करतो.

कोठे फसगत होते

सारणी चढत्या क्रमाने नसेल तर 'ट्रू' चा शोध फसतो. २०२२ च्या नोंदी नंतर सापडल्या म्हणून त्या वर्षीचे दिनांक सारणीच्या तळाशी लिहून टाकले, असे होते. मग उत्तरे येतात, पण ती खरी असतीलच असे नाही, आणि चूक झाल्याची खूणही दिसत नाही. ओळी मध्ये घालाव्यात किंवा भरून झाल्यावर क्रम लावून घ्यावा.

दुसरी फसगत सारणीच्या टोकांशी. पहिल्या आरंभदिनांकापूर्वीची भेट असेल तर #एन/ए येते; हे चांगले, निदान कळते तरी. पण शेवटच्या ओळीनंतरचा कोणताही दिनांक दिला तरी संगणक शेवटचाच ऋतू सांगत राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ चा हेमंत ही शेवटची ओळ असेल आणि आपण नवे दिनांक भरावयास विसरलो, तर पुढच्या मे महिन्यात उष्णतेने बेजार होऊन आलेला रुग्णही हेमंतातच नोंदला जाईल. यावर उपाय सोपा आहे. २०२६ च्या शिशिराचा आरंभ १९ जानेवारीला. तो दिनांक लिहून त्यापुढे ऋतूच्या नावाऐवजी 'सारणी संपली' असे लिहून ठेवावे. रुग्णापुढे हे शब्द उमटू लागले की पंचांग काढून बसावे.

सर्वांत मोठी फसगत मात्र दिनांक टंकण्यात आहे. संगणकाच्या लेखी दिनांक म्हणजे एक अनुक्रमांक असतो. १ जानेवारी १९०० ला एक धरून मोजत गेले की २२ सप्टेंबर २०२५ चा क्रमांक ४५९२२ येतो. मागचापुढचा दिनांक तो ओळखतो तो या क्रमांकावरून. आपल्यापैकी पुष्कळजण सवयीने मध्ये टिंबे देऊन २२.९.२०२५ असे लिहितात. बऱ्याच संगणकांवर हा दिनांक न राहता नुसता मजकूर होतो व शोध अडतो. ओळखण्याची खूण अशी की, खरा दिनांक चौकोनात उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या. याहून घातक प्रकार संगणक अमेरिकी रीतीवर ठेवलेला असताना घडतो. तेथे महिना आधी व दिवस नंतर वाचला जातो. श्रावण शुद्ध प्रतिपदेची, ५/८/२०२४ ची भेट टंकली की तो ८ मे समजतो आणि पहिल्या श्रावणसरीत आलेला रुग्ण वसंतात जाऊन बसतो. १३ तारखेपासून पुढचे दिनांक मजकूर होऊन अडतात, म्हणून कळते तरी. पहिले बारा दिवस मात्र बिनबोभाट चुकतात. तेव्हा संगणकाची प्रांतीय मांडणी भारताची करून घ्यावी, आणि काही काळ तरी महिना अक्षरांत टंकावा. सहायक नवा असेल तर हे त्याला पहिल्याच दिवशी सांगावे.

ऋतुसंधी आणि ऋतुनिहाय गणना

मावळत्या ऋतूचा शेवटचा सप्ताह व उगवत्या ऋतूचा पहिला सप्ताह म्हणजे ऋतुसंधी, असे वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे, आणि आधीची चर्या हळूहळू सोडून पुढची हळूहळू धरावी हा त्यांचा उपदेश आहे. रुग्ण संधिकालात आला होता काय, हेही तक्ता सांगू शकतो. त्यासाठी ऋतुसारणीत तिसरा स्तंभ वाढवावा आणि त्यात पुढील ऋतूचा आरंभदिनांक आणावा, म्हणजे दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या चौकोनात नुसते =ए३ लिहून ते 'सारणी संपली' च्या वरच्या ओळीपर्यंत खाली ओढावे. 'ऋतुसारणी' हे नाव आधी दोनच स्तंभांना दिलेले असेल तर त्यात हा तिसरा स्तंभही सामावून घ्यावा. मागच्याच सूत्रात २ च्या जागी १ लिहिले की चालू ऋतूचा आरंभ मिळतो, ३ लिहिले की पुढील ऋतूचा. पहिला आरंभ डी स्तंभात व दुसरा ई स्तंभात आणला, तर

=इफ(ऑर(बी२-डी२<७, ई२-बी२<=७), "संधी", "")

हे सूत्र पुरते. २०२५ च्या शरदासाठी ते १५ ते २८ सप्टेंबर हे चौदा दिवस अचूक दाखविते. शारदीय विरेचनाच्या शिबिराचे दिवस ठरविताना मला या स्तंभाचा फार उपयोग होतो. नोंदणीसाठी दूरध्वनी येऊ लागतात ते नेमके याच पंधरवड्यात.

एखाद्या ऋतूत एखाद्या व्याधीचे किती रुग्ण आले, हे मोजण्यासाठी रुग्णांपुढे ऋतू लिहिण्याचीही गरज नाही. ऋतुसारणीच्याच पानावर, ऋतूच्या ओळीत असे लिहावे :

=काउंटइफ्स(भेटदिनांक, ">="&ए२, भेटदिनांक, "<"&ए३, निदान, "अम्लपित्त")

भेटदिनांक आणि निदान ही रुग्णनोंदीतील दोन स्तंभांना दिलेली नावे आहेत. येथे आरंभाच्या बाजूला 'इतका किंवा पुढचा' आणि शेवटाच्या बाजूला 'पुढील आरंभाहून आधीचा' असे चिन्ह घेतले आहे, ते जाणूनबुजून. ऋतूचा शेवटचा दिवस लिहून 'त्या दिवसापर्यंत' असे म्हटले, तर ज्या नोंदीत दिनांकाबरोबर वेळही उमटते, त्या शेवटच्या दिवशीच्या नोंदी सुटतात. संध्याकाळी सहाची वेळ म्हणजे त्या दिवसाच्या क्रमांकाला जोडलेला पाऊण. तो पाऊण दिवस दोन ऋतूंच्या फटीत पडतो. जाता जाता हेही सांगतो की, माझ्या नोंदवहीत कोठे अम्लपित्त तर कोठे आम्लपित्त असे लिहिलेले होते. संगणकाला ते दोन निराळे व्याधी वाटले. निदानांची एकच यादी करून त्यातूनच निवडण्याची शिस्त घातल्याखेरीज कोणत्याही गणनेवर विश्वास ठेवू नये.

औषधालयाचा तक्ता

आता मूळ दुखण्याकडे. औषधालयात दिनांकाबरोबर वस्तूचा प्रकारही पाहावा लागतो, कारण सर्व वस्तूंचे दर एकाच दिवशी आणि एकाच प्रमाणात बदलत नाहीत. आयुर्वेदीय औषधांवर १ जुलै २०१७ पासून १२ टक्के व २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. केशतेलावर त्याच दोन दिनांकांपासून अनुक्रमे १८ व ५. शाम्पूची कथा तीन पायऱ्यांची : प्रारंभी २८, मग १५ नोव्हेंबर २०१७ पासून १८, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५. म्हणजे सारणीच्या ओळी तीन दिनांकांच्या, आणि स्तंभ वस्तुगटांचे :

१ जुलै २०१७ : औषध १२, केशतेल १८, शाम्पू २८.

१५ नोव्हेंबर २०१७ : औषध १२, केशतेल १८, शाम्पू १८.

२२ सप्टेंबर २०२५ : औषध ५, केशतेल ५, शाम्पू ५.

ज्या गटाचा दर त्या दिनांकास बदलला नाही, त्याच्याही चौकोनात जुना आकडा पुन्हा लिहावा. रिकामा ठेवल्यास शून्य दर लागेल. आकड्यांच्या चौकटीस 'दरचौकट', दिनांकांच्या स्तंभास 'दरदिनांक' व गटांच्या माथ्यावरील ओळीस 'वस्तुगट' अशी नावे दिली, देयकाचा दिनांक बी स्तंभात आणि वस्तूचा गट सी स्तंभात ठेवला, की सूत्र असे होते :

=इंडेक्स(दरचौकट, मॅच(बी२, दरदिनांक, १), मॅच(सी२, वस्तुगट, ०))

पहिल्या मॅचच्या शेवटी १ आहे, म्हणजे दिनांकासाठी आधीचा जवळचा शोध. दुसऱ्याच्या शेवटी ० आहे, म्हणजे गटासाठी हुबेहूब शोध. एकाच सूत्रात दोन्ही प्रकारचे शोध शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि हे सूत्र एकदा नीट समजले की बाकीचे सारे आपोआप उलगडते. येथे शेवटची ओळ उघडी राहणेच योग्य. नवी अधिसूचना येईपर्यंत तोच दर चालावयाचा असतो. आला बदल की तळाशी एक ओळ वाढवावी आणि तीनही नावांच्या कक्षेत ती आली आहे ना, हे पाहावे. जुन्या आकड्याला हात लावू नये. बंधूंच्या तक्त्यात आता १२ आणि ५ दोन्ही आकडे गुण्यागोविंदाने नांदतात.

दर थोड्या काळापुरता उतरून पुन्हा चढतो, असेही घडते. करोनाकाळात अल्कोहोलयुक्त हस्तशुद्धी द्रवावरील कर १४ जून २०२१ पासून १८ वरून ५ टक्के करण्यात आला, तो ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत. ज्यांनी सारणीत १४ जूनची ओळ घातली पण १ ऑक्टोबरची घातली नाही, त्यांचा तक्ता ऑक्टोबरातही ५ टक्केच दाखवीत राहिला असणार. सवलतीची अधिसूचना हाती आली की तिच्या समाप्तीची ओळ त्याच बैठकीत लिहून टाकावी, मुदत वाढली तर नंतर दिनांक बदलता येतो.

कोणता दिनांक शोधास द्यावयाचा, याचाही विचार हवा. खरेदीच्या पानावर खरेदीच्या देयकाचा, विक्रीच्या पानावर विक्रीच्या देयकाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये १२ टक्क्यांनी घेतलेले दशमूलारिष्ट ऑक्टोबरात ५ टक्क्यांनी विकले गेले, तर दोन पानांवर दोन दर दिसणार आणि दोन्ही बरोबर असणार. परत आलेल्या मालाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. १० सप्टेंबरला नेलेली सीलबंद बाटली ग्राहकाने ऑक्टोबरात परत आणली, तर जमापत्रावर मूळ विक्रीच्या दिवशीचा, म्हणजे १२ टक्के हाच दर लागतो. म्हणून परतीच्या पानावर परतीच्या दिनांकाशेजारी मूळ देयकाच्या दिनांकाचा स्तंभ ठेवावा आणि सूत्राने तोच पाहावा. बदलाच्या सीमेवर माल आधी गेला व देयक नंतर झाले, किंवा रक्कम आधीच घेतली होती, अशा व्यवहारांसाठी केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १४ मध्ये स्वतंत्र नियम आहेत; तेथे करसल्लागारांचे मत घेऊन त्या ओळीत दर हाताने लिहावा आणि शेजारी तसा शेरा मारावा.

शोधून येणारी गोष्ट आकडाच असली पाहिजे असे नाही. आपल्या शहराचे नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि महसुली जिल्ह्याचे सप्टेंबर २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या प्रमाणपत्राची दुय्यम प्रत मागण्यास रुग्ण येतात, विमा कंपनीला ती मूळ प्रतीशी जुळणारी हवी असते. अधिसूचनेचा दिनांक व नाव अशी दोन ओळींची सारणी केली की पत्त्यातील नाव प्रमाणपत्राच्या दिनांकावरून आपोआप येते. व्हीलुकअप तेच, शेवटी 'ट्रू'.

तिथीचा ऋतू आणि आकाशातला ऋतू

एक प्रश्न उरतो, व तो संगणकाचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला माझ्या तक्त्याने शरद लिहिले, त्या वेळी बाहेर पाऊस कोसळत होता आणि परंड्याकडे लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागत होते. त्या आठवड्यातील रुग्णास शरदाची चर्या सांगावी की वर्षेची? ऋतूची लक्षणे उशिरा, लवकर किंवा विपरीत प्रकट होऊ शकतात, हे संहिताकारांना पूर्ण ठाऊक होते. चिकित्सा लक्षणे पाहून करावयाची, यात मतभेद नाही. मराठवाड्यात तर पाऊस कित्येकदा भाद्रपदात जोर धरतो. म्हणून मी ऋतुसारणीच्या शेजारी त्याच घडणीची दुसरी सारणी ठेवली आहे. तिला 'लक्षणऋतू' असे नाव दिले आहे. तिचे दिनांक पंचांगातून येत नाहीत. सलग काही दिवस आकाश निरभ्र राहून ऊन तापू लागले, सकाळी दव दिसू लागले, की त्या दिवशी मी स्वतः ओळ लिहितो. रुग्णनोंदीत आता ऋतूचे दोन स्तंभ आहेत, एक तिथीचा आणि एक लक्षणांचा, आणि दोघांत अंतर पडलेल्या दिवसांतील रुग्ण मी वेगळे काढून पाहतो. अम्लपित्ताची ती जुनी मोजणीही याच रीतीने पुन्हा करावयास घेतली आहे. त्या वृद्ध वैद्यांना तसे कळविले, तर त्यांनी आपल्याकडील जुन्या पंचांगांचा गठ्ठाच पाठवून दिला. तेव्हापासून आमच्याकडे गुढीपाडव्यास पंचांगवाचन झाले की लगेच संगणक उघडला जातो आणि वर्षाचे सहा दिनांक मुलगी टंकते, महिना अक्षरांत.